गोपी तलाव : सुरतेच्या एका जलाशयाचा उदय, अस्त आणि पुनरुद्धार

आपल्या शास्त्रकारांनी सत्कर्माचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयागादी कर्मे ही इष्ट होत. विहिरी व तलाव खणणे, देवालये बांधणे, बागा लावणे, अन्नछत्रे घालणे ही पूर्त होत. पूर्तकर्माचे फळ करणाऱ्याच्या पाठीमागे समाजाच्या उपयोगी पडत राहते, आणि म्हणूनच आपल्या देशात देऊळ व तलाव यांची सांगड फार जुनी आहे. मंदिराच्या महाजनांनी काढलेल्या स्मरणिकेत एखाद्या तलावाचा इतिहास यावा, हे या दृष्टीने अप्रस्तुत होणार नाही.

सुरत शहराच्या मध्यवस्तीत, गोपीपुऱ्यापासून फार दूर नाही अशा जागी गोपी तलाव आहे. आज तेथे बाग, पायवाटा व नौकाविहाराची सोय असून सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह कुटुंबे फिरावयास येतात. पाचशे वर्षांपूर्वी हाच तलाव साऱ्या शहराची तहान भागवीत असे. मधल्या दीर्घ काळात तो गाळाने भरून कोरडा पडला, आणि एकविसाव्या शतकात पुन्हा खोदला गेला, हे येथे येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तलाव कशाने जगतात आणि कशाने मरतात याचा विचार करावयास लावणारा हा इतिहास आहे.

तापीकाठी पाण्याचे दुर्भिक्ष

तापीसारख्या नदीच्या काठी वसलेल्या शहराला तलावाची गरज का भासावी, असा प्रश्न प्रथम मनात येतो. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून खानदेश ओलांडीत आलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपाशी सागराला भेटते. परंतु समुद्र जवळ असल्यामुळे येथे नदीत भरती-ओहोटी होते. भरतीचे खारे पाणी आत शिरते आणि उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की खारटपणा वाढतो. जमिनीखालच्या पाण्याचीही हीच गत. जुन्या सुरतेतील पुष्कळ विहिरी मचूळ पाण्याच्या होत्या. समोर नदी वाहत असूनही पिण्याच्या पाण्याची चिंता, अशी बंदराच्या गावांची नेहमीची स्थिती असते.

अशा ठिकाणी पावसाचे गोडे पाणी साठविणे हाच खात्रीचा उपाय होता. गोड्या पाण्याचा मोठा साठा वर असला की त्यातून खाली मुरणारे पाणी आसपासच्या भूजलातील खारेपणाही काही अंशी मागे सारते. म्हणून तलावाचा उपयोग त्याच्या पायऱ्यांवर येऊन घागर भरणाऱ्यांपुरता नसून, दूरच्या आळीतील विहिरीलाही त्याचा आधार असतो.

मलिक गोपी

हा तलाव बांधणारा मलिक गोपी गुजरातच्या सुलतानशाहीतील एक वजनदार पुरुष होता. सुलतान महमूद बेगडा आणि त्याच्यानंतर इ. स. १५११ मध्ये गादीवर आलेला दुसरा मुजफ्फरशाह या दोघांच्या काळात त्याने अधिकार गाजविला. गुजरातच्या फारसी तवारिखांत त्याला ब्राह्मण म्हटले आहे. पुढे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी मात्र त्याचा उल्लेख धनाढ्य वाणी म्हणून केला. व्यापार व राजकारण ही दोन्ही क्षेत्रे त्याने सांभाळली असल्यामुळे असा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत तो ‘मिलागोबिम’ या नावाने आढळतो. पोर्तुगीजांचा गव्हर्नर आल्बुकर्क याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज याच्याशी स्पर्धा. समुद्रावर नव्याने आलेल्या या सत्तेशी वैर न धरता तिच्याशी समजुतीने वागावे, असे त्याचे धोरण दिसते.

सुरतेच्या भरभराटीचा पाया घालणाऱ्यांत मलिक गोपीचे नाव प्रथम घेतले जाते. त्याने वसविलेला भाग गोपीपुरा म्हणून आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. शहराच्या नावाविषयीही एक आख्यायिका आहे. आपण वाढविलेल्या गावाचे नाव सूर्यावरून ठेवावे असा गोपीचा मानस होता आणि सुलतानाने त्यात एका अक्षराचा फरक करून ‘सुरत’ केले, असे लोक सांगत. आख्यायिकेला इतिहासाचे प्रामाण्य देता येत नसले तरी शहराच्या आठवणीत या पुरुषाचे स्थान कोठे होते, हे तिच्यावरून कळते.

तलावाचे बांधकाम इ. स. १५१० च्या सुमारास झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर थोड्याच वर्षांत दरबारी कलहात मलिक गोपीचा अंत झाला. त्याची सत्ता गेली, संपत्तीही गेली; मागे राहिला तो एक पुरा आणि एक तलाव.

प्रवाशांच्या दृष्टीने तलाव

इ. स. १५७३ मध्ये अकबराने सुरत जिंकली आणि पुढील शतकात हे शहर मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर बनले. मक्केच्या यात्रेकरूंची गलबते येथूनच सुटत. इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी येथे आल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या प्रवाशांपैकी दोघांनी गोपी तलावाचे वर्णन लिहून ठेवले आहे, म्हणूनच त्याचे मूळ रूप आज आपल्याला समजते.

पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा सरदार इ. स. १६२३ मध्ये सुरतेस आला. अनेक बाजूंचा, सभोवार दगडी पायऱ्या असलेला हा तलाव पाहून त्याने त्याची माहिती मिळविली. कोणा राजाने नव्हे, तर गोपी नावाच्या एका गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने एवढे काम केले, याचे त्याला विशेष वाटले.

याहून सविस्तर वर्णन झाँ द तेवेनो या फ्रेंच प्रवाशाचे आहे. तो इ. स. १६६६ च्या आरंभी सुरतेत होता. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर केलेल्या स्वारीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. महाराजांविषयीचा मजकूरही त्याच्या प्रवासवृत्तात आढळतो. तेवेनोच्या सांगण्याप्रमाणे तलावाला सोळा बाजू होत्या आणि प्रत्येक बाजू शंभर पावले लांब होती. म्हणजे सबंध प्रदक्षिणा सोळाशे पावलांची झाली. त्यावरून एका काठापासून समोरच्या काठापर्यंतचे अंतर पाचशे पावलांच्या आसपास येते. तळाला मोठमोठ्या फरश्या बसविलेल्या होत्या. भोवताली नाट्यगृहातील आसनांप्रमाणे एकाखाली एक पायऱ्या उतरत गेल्या होत्या, आणि मधूनमधून जनावरांना पाण्यापर्यंत नेता यावे म्हणून पायऱ्यांऐवजी उतार ठेवले होते. माणसाबरोबर मुक्या प्राण्याचीही सोय बांधणाराने पाहिली होती.

तलावाच्या मध्यभागी दगडी बांधणीची एक चौकोनी इमारत होती. तिच्यावर चढावयास लहान जिने होते. गावची माणसे नावेत बसून तेथे जात आणि वाऱ्यावर बसून करमणूक करीत. आज तलावात नौकाविहार करणाऱ्या मुलांना आपण काही नवीन करीत आहोत असे वाटत असेल. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीचे सुरतकरही संध्याकाळी हेच करीत होते. पाणी पिण्याचे व पाणी रमण्याचे, असा भेद त्या काळच्या लोकांनी केला नव्हता. ज्या पाण्यावर गाव जगे, त्याच पाण्याकाठी गाव विसावाही घेई.

पाणी येण्याची योजना

तलावाचे देखणेपण त्याच्या पायऱ्यांत होते, तरी त्याचा जीव होता तो पाणी आत येण्याच्या योजनेत. तलावाला स्वतःचा झरा नव्हता. पावसाळ्यात शहराबाहेरील शेतांवरून वाहणारे पाणी एका मोठ्या चरात एकत्र होई. या चरावर पूलही होता. तेथून पाणी एकदम तलावात न सोडता प्रथम एका बांधीव कुंडात अडविले जाई, आणि कुंडाच्या भिंतीतील मोठ्या गोल दारांतून तलावात उतरे.

या कुंडाचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. शेतांवरून धावत येणारे पाणी माती, काडीकचरा व शेणखत घेऊन येते. जोपर्यंत ते वेगात असते तोपर्यंत माती तरंगत राहते. पाणी थबकले की माती खाली बसते. मधल्या कुंडात पाण्याचा वेग मोडून गाळाचा मोठा वाटा तेथेच बसवावा आणि वरचे निवळ पाणी पुढे द्यावे, असा या रचनेचा हेतू होता. कुंड लहान असल्याने ते दर उन्हाळ्यात उपसणे सोपे. तलाव प्रचंड असल्याने तो उपसणे अतिशय कष्टाचे. म्हणजे कुंडाची साफसफाई नेमाने झाली तर तलाव पिढ्यान् पिढ्या टिकावा, आणि कुंड एकदा भरून गेले की सारा गाळ सरळ तलावात जावा, असा हा हिशेब होता. सबंध बांधकामाची मदार वर्षाकाठी काही दिवसांच्या मजुरीवर होती.

सहा फूट गाळ

तेवेनोने हा तलाव राजाला शोभेल असे कार्य म्हणून वाखाणला आणि प्राचीन रोमन लोकांच्या लोकोपयोगी बांधकामांच्या पंक्तीला बसविला. किल्ल्याला जेवढा खर्च आला तेवढाच तलावाला आला, अशी गावातील समजूतही त्याने नोंदविली. किल्ला व तलाव एकाच वेळी सुरू झाले असे त्याला सांगण्यात आले होते. वस्तुतः सुरतेचा किल्ला पोर्तुगीजांच्या हल्ल्यांनंतर इ. स. १५४० नंतरच्या दशकात उभा राहिला. तरीपण शत्रूपासून संरक्षण आणि तहानेपासून संरक्षण ही दोन कामे लोकांनी एकाच तराजूत तोलावीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु या स्तुतीला जोडून त्याने एक इशारा दिला. त्याने पाहिला तेव्हा तलावात सहा फुटांहून अधिक गाळ साचला होता. एखाद्या धर्मशील वाण्याने खर्च सोसून तो काढला नाही, तर एक दिवस सारा तलाव बुजून जाईल, असे त्याने स्पष्ट लिहिले. तलाव बांधल्याला तेव्हा सुमारे दीडशे वर्षे झाली होती. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. दीडशे वर्षांत विभागले तर वर्षाला सरासरी अर्धा इंच. अर्धा इंच माती कोणाच्या नजरेत भरत नाही. एका माणसाच्या उभ्या आयुष्यात ती दोन-अडीच फुटांवर जाते, आणि तीही पाण्याखाली. तलावाचा नाश असा कोणाला न दिसता चालला होता.

मग गाळ काढणारा का मिळाला नाही? सुरतेत धन नव्हते असे नव्हे. त्या काळी येथील सावकार साऱ्या हिंदुस्थानात अग्रगण्य होते. संघटना नव्हती असेही म्हणता येत नाही. तेवेनो येऊन गेल्यावर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १६६९ मध्ये, काजीच्या जुलमाचा निषेध म्हणून सुमारे आठ हजार वाणी घरेदारे सोडून भरूचला निघून गेले, अशी इंग्रजांच्या पत्रांत नोंद आहे. भीमजी पारेख हे त्यांचे पुढारी होते. शहराचा व्यवहार ठप्प झाला आणि डिसेंबरात आश्वासन मिळाल्यावरच लोक परतले. एका शब्दासरशी हजारो कुटुंबे उठविणारे हे महाजन होते. पांजरापोळांतील मुक्या प्राण्यांसाठी व्यापारावर लागा बसवून वर्षानुवर्षे खर्च चालविण्याची पद्धतही महाजनांना चांगली अवगत होती. अशा समाजाला एका तलावाचा गाळ जड नव्हता.

माझ्या मते याची कारणे दोन. पहिले कारण तेवेनोच्याच लिखाणात आहे. पूर्वी सर्व सुरत या तलावाचे पाणी पीत असे. पुढे चांगल्या पाण्याच्या पाच विहिरी लागल्या आणि शहराची गरज त्यांच्यावर भागू लागली. तलावाचे पाणी प्यावयाचे नाही म्हटल्यावर तलावाची चिंता वाहणारेही कमी झाले. हवा खावयास जाणारे लोक होतेच, परंतु हवा खाणारा मनुष्य गाळ मोजीत नाही. रोज घागर भरणाऱ्या बाईला यंदा पायरी किती उघडी पडली हे बरोबर ठाऊक असते. तलाव केवळ शोभेचा व करमणुकीचा उरला, तेथेच त्याच्या ऱ्हासाचा आरंभ झाला.

दुसरे कारण काळाचे. इ. स. १६६४ ची व ऑक्टोबर १६७० ची अशा महाराजांच्या दोन स्वाऱ्या, त्यानंतरची तटबंदीची घाई, बादशाही अंमलदारांचा ताण, अशा अस्थिर दिवसांत धनिकाने आपले धन उघड्यावर दाखविणे धोक्याचे होते. मोठे पूर्तकर्म करणे म्हणजे आपल्या संपत्तीची दवंडी पिटणे. शहराचा पैसा तेव्हा तटाच्या विटांत आणि तळघरांत जात होता. मराठी वाचकाने महाराजांच्या सुरतेवरील स्वाऱ्यांचा सार्थ अभिमान बाळगावा. त्याबरोबरच त्या शहराच्या बाजूने ही वर्षे कशी गेली असतील, याचीही नोंद इतिहासाचा अभ्यासक घेतल्याशिवाय राहत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी तर तलावाचे दगडही लष्करी कामासाठी काढून नेण्यात आले. पुढे मोगल सत्ता क्षीण झाली. सुरतेच्या महसुलात पेशवे व गायकवाड यांचा चौथाईचा वाटा राहिला. इ. स. १७५९ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, इ. स. १८०० मध्ये शहराचा कारभार, आणि इ. स. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचा हक्कही गेला. एवढ्या धन्यांच्या हातांतून शहर गेले, पण तलावाचा धनी कोणी झाला नाही. एकोणिसाव्या शतकात तो कोरडा पडला होता. पाणी असलेली जागा कोणाची नाही असे सहसा होत नाही. कोरडा खड्डा मात्र सर्वांचा होतो. त्याच्यात कचरा पडू लागतो, मग झोपड्या उठतात आणि एक दिवस तेथे तलाव होता हेही लोक विसरतात.

पुण्याचे तळे आणि खानदेशचे पाट

हे सुरतेपुरतेच घडले असे समजण्याचे कारण नाही. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याला बांध घालून तळे करविले. मध्ये थोडी उंच जागा राखून तेथे बाग केली. सवाई माधवरावांच्या वेळी, इ. स. १७८४ मध्ये, त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. पेशव्यांचा नौकाविहार येथे चाले. पुढे हे तळेही आटत व बुजत गेले आणि त्या जागी सारसबाग आली. गजाननाला पुणेकर अजूनही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात; गणपती आहे, तळे नाही. ओढा मात्र आपले अस्तित्व विसरला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने आंबिल ओढ्याला पूर येऊन त्याच्या काठच्या वस्तीत मोठी प्राणहानी झाली.

याउलट उदाहरणही आपल्याच मुलखात आहे. सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी फार मोठा वर्ग खानदेशातून आलेला आहे. त्यांना पांझरा नदीवरची फड पद्धती सांगावयास नको. नदीला घातलेले दगडी बंधारे, त्यांतून काढलेले पाट, आणि पाण्याची वाटणी पाहणारा पाटकरी, अशी ही व्यवस्था शेकडो वर्षे चालत आली. तिच्या दीर्घायुष्याचे मर्म असे की, पाट साफ करणे हे ज्याच्या शेताला पाणी मिळते त्या प्रत्येकाचे काम ठरलेले होते. पाण्यात वाटा हवा असेल तर गाळ काढण्यातही वाटा घ्यावा लागे. तेथे कोणा एका मलिक गोपीची वाट पाहावी लागली नाही.

मातीच्या बांधाची राखण

गोपी तलाव मुख्यतः खोदलेला व दगडाने बांधलेला होता. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तेव्हा तो स्वतः मेला, दुसऱ्या कोणाला त्याने बुडविले नाही. परंतु गुजरात-महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान तलाव ओढ्याला मातीचा बांध घालून केलेले असतात. जुन्या सुरत जिल्ह्यातले, आता तापी जिल्ह्यात गेलेले, सोनगढजवळचे डोसवाडा हे गायकवाडी अमदानीतले मातीचे धरण त्याचे जवळचे उदाहरण होय. सोनगढ म्हणजे गायकवाड घराण्याचे गुजरातमधील पहिले ठाणे. पावसाळ्यात डोसवाड्याच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की ते पाहावयास लोकांची गर्दी होते. अशा ठिकाणी सहलीस जाणाऱ्यांनी बांधाविषयी थोडे जाणून घेणे हिताचे आहे.

मातीचा बांध साधा दिसला तरी त्याची रचना विचारपूर्वक केलेली असते. मधोमध चिकण मातीचा गाभा पाणी अडवितो. दोन्ही अंगांना घातलेला मुरूम त्या गाभ्याला आधार देतो, आणि पाण्याच्या बाजूला लाटांचा मारा सोसावा म्हणून दगडांचे अस्तर असते. जादा पाणी सुखरूप निघून जावे म्हणून एका कडेला सांडवा ठेवतात. दगडी धरणावरून पाणी गेले तरी ते काही काळ तग धरते. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले तर तो काही तासांत कापला जातो. म्हणून सांडवा मोकळा ठेवणे हा मातीच्या बांधाचा पहिला नियम. त्यानंतर बांधावर मोठी झाडे वाढू न देणे, उंदीर-खेकड्यांची बिळे बुजविणे आणि पायथ्याशी होणाऱ्या पाझराकडे लक्ष ठेवणे. पाझर स्वच्छ असेल तर चिंता थोडी. तो गढूळ झाला म्हणजे बांधाची माती वाहून जाऊ लागली असे समजावे.

या नियमांकडे पाठ फिरविल्याची किंमत दोन्ही राज्यांनी दिली आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणाच्या मातीच्या बाजू पुराच्या पाण्याने ओलांडल्या आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. धरण लहान म्हणून त्याची राखण लहान, असा हिशेब येथे चालत नाही.

पुनरुद्धार

गोपी तलावाचे दैव पुढे उघडले. इ. स. २०१० नंतरच्या दशकात सुरत महानगरपालिकेने हे काम हाती घेतले. जागा मोकळी करून तलाव पुन्हा खोदण्यात आला, काठ बांधण्यात आले, बागबगीचा झाला आणि नावा पुन्हा पाण्यात उतरल्या. बुजलेला तलाव पुन्हा पाण्याने भरलेला पाहण्याचे भाग्य फार थोड्या शहरांना लाभते. इ. स. १९९४ च्या प्लेगच्या संकटानंतर ज्या शहराने स्वच्छतेत देशापुढे उदाहरण घालून दिले, त्याला हे काम शोभून दिसते.

मात्र जुन्या तलावाचा इतिहास आज पुन्हा एक प्रश्न विचारतो. आज सुरतेची तहान तापीच्या शुद्ध केलेल्या पाण्यावर भागते. गोपी तलावावर कोणाची घागर अवलंबून नाही. म्हणजे इ. स. १६६६ मध्ये जी स्थिती तलावाच्या मुळावर आली, तीच स्थिती आजही आहे : तलाव आहे तो आनंदासाठी. तेव्हा त्याची राखण करणारी गरज नाहीशी झाल्यावर दुसरी कोणतीच व्यवस्था उरली नव्हती. आता महानगरपालिका आहे. परंतु पालिकेची दृष्टी नागरिकांच्या दृष्टीहून लांब जात नाही. नागरिकांनी नावेचे भाडे व खाद्यपदार्थांचे ठेले यांचीच विचारपूस केली तर कारभारीही तेवढेच पाहतील. तलावाची खोली यंदा किती, पाणी येण्याची वाट मोकळी आहे काय, गाळ शेवटचा केव्हा काढला, हे प्रश्न विचारणारे चार लोक प्रत्येक शहरात असावे लागतात.

आपल्या लोकांना तर या प्रश्नांची झळ प्रत्यक्ष लागते. लिंबायत आणि त्याच्या आसपासच्या मराठी वस्तीत मिठी खाडीचे पाणी पावसाळ्यात अनेकदा शिरले आहे. खाडीच्या पात्रात भराव पडला, कचरा साचला, वाट अरुंद झाली की पाणी घरात येते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने जवळजवळ सारे शहर पाण्याखाली गेले, तेव्हा धनिक व गरीब असा भेद पाण्याने केला नाही. पाणी यावयाची वाट आणि पाणी जावयाची वाट, या दोन्ही मोकळ्या राहिल्या तर तलाव जिवंत राहतो आणि वस्तीही सुरक्षित राहते. गोपी तलावाच्या कुंडामागे हीच दृष्टी होती.

शास्त्रकारांनी नवे बांधकाम करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पुण्य जीर्णोद्धाराला दिले आहे. नवे बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर लागते. गाळ काढणाऱ्याचे कोठेच लागत नाही, हे ओळखूनच त्यांनी असे म्हटले असावे. मलिक गोपीचे नाव पाचशे वर्षे टिकले. तेवेनोने ज्या धर्मशील पुरुषाची अपेक्षा केली होती, तो त्या वेळी पुढे आला नाही. आज ते काम एका धनिकाचे राहिलेले नसून साऱ्या समाजाचे झाले आहे. देवळाच्या उत्सवासाठी वर्गणी गोळा करणारे, पालखीला खांदा देणारे आणि मंदिराचे आवार पहाटे झाडून काढणारे हात आपल्याजवळ आहेत. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, त्याच हातांनी आपल्या वस्तीजवळील नाल्याची, खाडीच्या काठाची वा तलावाची विचारपूस करावी. महाजनांनी मनावर घेतले तर हे काम अवघड नाही, आणि पूर्तधर्माच्या परंपरेत ते अगदी योग्य ठिकाणी बसते.